साडेचारशे उघडी माणसं

ईदच्या आधी सत्तारचाचांच्या दुकानात शिलाईची गर्दी असायची. अशा वेळी कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "चाचा, माझा शर्ट लवकर द्या हो, घालायला काही नाही," की चाचा कापडावरून मान वर करायचे. त्याला चष्म्यातून नीट न्याहाळायचे आणि म्हणायचे, "तुझ्या अंगावर निदान एक शर्ट दिसतोय. माझ्या घरी साडेचारशे माणसं उघडी बसलीत. सात वर्षं! एकानं तरी कधी तक्रार केली?"

नवीन गिऱ्हाईक गप्प होऊन निघून जायचं. जुनं हसायचं, कारण त्याला माहीत असायचं की ही माणसं प्लास्टिकची आहेत, बोटाच्या पेराएवढी आहेत आणि चाचांच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर उभी आहेत.

मला लिहायची सवय परीक्षेपुरतीच. स्वभावाचे चार गुण सांगायचे आणि थांबायचं, एवढंच मला जमतं. चाचा चार गुणांत बसत नाहीत, म्हणून जसं आठवतंय तसं सांगते.

आम्ही पनवेलच्या जुन्या बाजारपेठेमागे तळमजल्यावर राहायचो, चाचा आणि जुबेदाचाची आमच्या डोक्यावर. बाबा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. आमच्या सगळ्या नातेवाइकांत कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि याचा आनंद आमच्या घरापेक्षा चाचांनाच जास्त झाला होता. त्यांनी माझं नावच 'कॉलेज' ठेवलं. जिन्यात भेटले की, "काय कॉलेज, आज सुट्टी?" माझं खरं नाव वंदना आहे हे त्यांना माहीत असेल की नाही, मला शंका आहे.

माझी आई म्हणायची, "मानूस लाखाचा हाय तो. पन त्या बावल्यांना कपरे घालायचा नाद काय सुटत नाय."

जुबेदाचाचींचं म्हणणं जरा तिखट होतं. "लोकांनी कुवेतहून सोनं आणलं, टीव्ही आणले. आमच्या ह्यांनी काय आणलं? खोकंभर नंगे!"

चाचा अकरा वर्षं कुवेतला एका शिलाईच्या कारखान्यात होते. हॉटेलचे वेटर, शाळेची मुलं, बँकेचे रखवालदार, सगळ्यांचे युनिफॉर्म शिवायचे. खोलीत शेजारच्या खाटेवर कैतान पिंटो नावाचे गोव्याचे गृहस्थ होते. ते एका खेळण्यांच्या दुकानाच्या गोदामात कामाला होते. ज्या खोक्यांचं वरचं चित्र फाटायचं ती दुकानदार विकायचा नाही, पिंटोंना देऊन टाकायचा. त्या खोक्यांतून हे सैनिक आले. एकात एक पुस्तक निघालं. सैनिक नुसते मांडून ठेवायचे नसतात, दोघांनी टेबलाच्या दोन बाजूंनी त्यांची लढाई खेळायची असते, असं त्यात दिलं होतं. पायदळ एका वेळी सहा इंच चालतं, घोडदळ बारा. कोण पडलं ते फासे टाकून ठरवायचं.

"इंच, कॉलेज, इंच!" हे सांगताना चाचा गळ्यातली टेप काढून हलवायचे. "अख्ख्या दुनियेत ही एकच लढाई अशी की जिच्यात टेप लागते. मी पिंटोला म्हटलं, आता तू मेलास."

फौजा वाटून घेतल्या. पिंटो फ्रेंच, चाचा इंग्रज.

"चाचा, तुम्ही इंग्रज कसे काय झालात?" मी जरा नाराजीनं विचारलं. इतिहास माझा विषय होता.

"नाणं उडवलं, हरलो. पण एक सांगू? लाल कोट उठून दिसतो."

"आणि ही लढाई खरी झाली तेव्हा कोण जिंकलं होतं?"

"ते तुझ्या कॉलेजला विचार. मला एवढं माहीत आहे की फ्रेंचांच्या कोटाला पुढून सात बटणं होती."

मात्र त्या पुस्तकात एक नियम होता, आणि चाचांचं सगळं आयुष्य त्या नियमात अडकलं. न रंगवलेला सैनिक मैदानात आणू नये. पिंटोंच्या मते ती नुसती सूचना होती. चाचांना तो नियम ऐकायच्या आधीपासूनच मान्य होता. "उघड्या माणसाला लढायला पाठवतात का? आधी कपडे, मग लढाई." त्यामुळे अकरा वर्षांत एकही लढाई झाली नाही. दर महिन्याला गोदामातून नवी माणसं यायची आणि जुनी रंगायची राहिलेली असायची.

चाचांची रंगवायची रीतही कारखान्यातली. युनिफॉर्मची मोठी ऑर्डर असली की एकेक शर्ट पुरा करत नाहीत. आधी सगळ्या कॉलरी, मग सगळ्या बाह्या, मग सगळी काजं. कुवेतला एकेक माणूस पुरा करत बसलो म्हणून मागे पडलो, असं म्हणून पनवेलला त्यांनी फौजेलाही तोच कायदा लावला. मी कॉलेजात गेले त्या वर्षी पँटी चालू होत्या. चारशे पन्नास जण पांढऱ्या पँटीत, वर प्लास्टिकच उघडं. दुसऱ्या वर्षी निळे कोट आले. मग पट्टे. बटणांसाठी ब्रश नव्हता, नऊ नंबरची सुई होती. तिचं मागचं टोक पिवळ्या रंगात बुडवून कोटावर नुसतं टेकवायचं. श्वास धरून सात वेळा टेकवायचं, की एक माणूस झाला.

"एखादा तरी पुरा करा ना," मी एकदा म्हटलं. "बघायला बरं वाटेल."

"आणि बाकीचे काय बघतील?" चाचा म्हणाले. "एका पोराला ईदचे कपडे केले आणि बाकीच्यांना नाही केले, तर घरात कसं वाटेल?"

सगळं झालं तरी तोंडं कोरीच होती. ते काम चाचा करायचे नाहीत. "कपडे देणं आपलं काम. तोंड देणं वरच्याचं काम, त्यात आपण हात घालत नाही."

"मग तोंडं कोण काढायचं?"

"पिंटो. त्याचं वरच्याशी वेगळं बोलणं आहे."

कुवेतला शुक्रवारी सुट्टी. चाचा नमाजहून आले की दोघं एका टेबलावर बसायचे आणि आधी चाचांच्या फौजेतला एकेक माणूस घ्यायचे, चाचा कोट करायचे, पिंटो तोंडं. तोंडाला उजेड जास्त लागतो म्हणून खिडकीकडची बाजू पिंटोंची. पनवेलला येऊन सात वर्षं झाली तरी शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून चाचा घरी बसायचे, आणि बसायचे ते अंधाऱ्या बाजूला. खिडकीकडे एक स्टूल रिकामं असायचं. मी एकदा नकळत त्यावर टेकले. चाचा रागावले नाहीत, फक्त ब्रश खाली ठेवून थांबले. मी उठले तेव्हा त्यांनी ब्रश पुन्हा उचलला.

कुवेतहून आलेल्या त्या खोक्याची खरी गोष्ट मला चाचींनी सांगितली. कुवेतवर इराकचं सैन्य आलं त्या वर्षी सगळ्यांची पळापळ झाली. चाचांच्या मालकानं आपल्या कारागिरांसाठी एक बस मिळवली. पिंटोंच्या दुकानाच्या लोकांची बस दुसऱ्या दिवशी होती. बस पहाटे आली. लाईट नव्हती. दोन खाटांखाली दोन खोकी होती, दोन्हीला चाचांनीच कापडाची किनार बांधलेली, एकसारखी, एकाच गाठीनं. चाचांनी अंधारात हात घातला, खोकं ओढलं आणि निघाले. वाळवंट ओलांडून, जॉर्डनच्या छावणीत बावीस दिवस काढून, विमानानं मुंबईला आले तोवर ते खोकं उघडलं नाही. पनवेलला येऊन उघडलं. आत सगळे उंच टोपीवाले. पिंटोची माणसं.

"गाठ मीच मारली होती," चाचा कबूल करायचे. "दोन्हीकडे सारखी. दुसऱ्या कुणी बांधली असती तर एक तिरकी आली असती."

म्हणजे सात वर्षं चाचा शत्रूच्या फौजेला कपडे शिवत होते. हे मला कळलं तेव्हा मी खूप हसले. चाचा हसले नाहीत. "अमानत आहे, कॉलेज. दुसऱ्याची माणसं आपल्याकडे राहिलीत. उघडी परत करू? माझी त्याच्याकडे आहेत. तोही करत असेल."

"पत्र टाका ना त्यांना."

"पत्ता नाही."

"अकरा वर्षं एका खोलीत राहिलात आणि पत्ता नाही?"

"शेजारच्या खाटेवर झोपतो त्याचा पत्ता कोण विचारतं?" चाचा म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्यावर काही इलाजही नव्हता. पिंटोंच्या घरासमोर चर्च आहे आणि दारात फणस आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गोव्यात अशी घरं किती असतील ते मी सांगायला नको.

टेलिफोन ऑफिसात गोव्याची डिरेक्टरी होती. मी दोन दुपारी तिथे बसून एकतीस पिंटो उतरवून आणले. पत्रं इंग्रजीत लिहायची ठरली, कारण मी कॉलेज. माझं इंग्रजी कसं आहे ते मला माहीत होतं, पण चाचांच्या तोंडावरचा विश्वास बघून नाही म्हणवेना. चाचा मजकूर सांगत गेले आणि मी डिक्शनरी घेऊन शब्दाला शब्द लावत गेले. तो मजकूर असा होता:

'प्रिय पिंटो, तुझी साडेचारशे माणसं माझ्या ताब्यात आहेत. सगळी सुखरूप आहेत. सर्वांना बूट दिले आहेत. तोंडं नाहीत. लवकर येऊन घेऊन जा. माझी माणसं सोबत आण, म्हणजे लढाई करू. तुझा, कुवेतचा सत्तार.'

यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही. एकतीस इनलँड पत्रं मीच पेटीत टाकली.

पंधरा दिवसांनी उत्तरं येऊ लागली. एका पिंटोनं कळवलं की तो पाव भाजतो, त्याच्याकडे दोनच माणसं कामाला आहेत आणि दोन्ही जागेवर आहेत. एका बाईंनी लिहिलं की माझे यजमान वारले, त्यांनी हयातीत कुणाशी लढाई केली नाही, कृपा करून आम्हाला सोडा. एकानं उत्तर पाठवलंच नाही, त्याच्या वतीनं वकिलानं पाठवलं. चाचा प्रत्येक पत्र मला वाचायला लावायचे आणि शेवटी विचारायचे, "म्हणजे हा नव्हे?"

"हा नव्हे, चाचा."

"बरं. लोक चांगले आहेत पण. उत्तर देतात."

एक पत्र वेगळं होतं. ते माझंच पत्र होतं, परत आलेलं, लाल शाईनं तपासलेलं. एका निवृत्त हेडमास्तर पिंटोंनी सतरा चुका काढून दहापैकी तीन मार्क दिले होते. मला इतकी लाज वाटली की ते चाचांना दाखवूच नये असं मनात आलं. पण पाठीमागे चार ओळी होत्या. शेजारच्या गावात एक कैतान आहे, कुवेतहून परत आलेला, तो मिटल्या तोंडानं हसतो आणि रिकाम्या वेळी लहान मुलांच्या बाहुल्यांची तोंडं रंगवून देतो. आपण शोधता तो हाच असू शकेल.

मी ते वाचून दाखवलं. चाचांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले.

"दहापैकी तीन," ते शेवटी म्हणाले. "बाकीचे सात माझ्याकडून घे."

हेडमास्तरांच्या हाती दुसरं पत्र पाठवलं, आणि पिंटोकाका डिसेंबरात आले. गोव्याची बस सकाळी पनवेल स्टँडला लागते. चाचा तासभर आधीच जाऊन उभे, सोबत मी. चाचांनी स्वतः शिवलेला नवा सफारी घातला होता. आदल्या दिवशी बाजारातून लाल रंगाचा डबाही आणून ठेवला होता, मोठा. त्यांची इंग्रज फौज घरी येणार होती. लाल कोट करायला दोन वर्षं, मग लढाई. तेव्हा पिंटोला पुन्हा बोलवायचं. सगळा हिशेब झाला होता.

बसमधून एक उंच, वाळलेला म्हातारा उतरला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"आरे सत्तार, तू तर फुगलास!"

"आणि तू? तुला काय उन्हात वाळत घातला होता?"

मग मिठी. आणि त्या मिठीत पिंटोकाकांच्या खांद्यावरून चाचा बसच्या टपाकडे बघत होते. टपावरून दोन सुटकेस आणि एक आंब्याचं कलम उतरलं, ती दुसऱ्यांची. पिंटोकाकांच्या हातात एक लहान रेक्झिनची बॅग होती, बस.

"एवढंच सामान?" चाचांनी विचारलं.

"एवढंच."

"बरं, बरं," चाचा म्हणाले आणि बॅग स्वतः घेतली. घरी येईपर्यंत त्यांनी ती दोनदा हातात तोलून बघितली.

टेबलावर हिरवं कापड अंथरून सगळी फौज मांडलेली होती. पिंटोकाका वाकले. एकेका रांगेवरून त्यांचं बोट हवेत फिरत गेलं. "सात बटणं," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांना सात, रे!" मग म्हणाले, "आणि तोंडं?"

"ते तुझं काम. मी कशाला करू?"

पिंटोकाका खिडकीकडच्या स्टुलावर बसले. तीन दिवस तिथेच बसले. हात थरथरत होता, चष्मा सारखा घसरत होता. एका माणसाचा डोळा कानाजवळ गेला. चाचा पलीकडून सैनिक धरायचे आणि रंग वाळावा म्हणून फुंकर घालायचे.

"हा तिरळा झाला."

"दोन्हीकडचा शत्रू दिसेल त्याला."

"आणि ह्याला मिशी कशाला?"

"हात हलला, बाबा. आता आहे तर असू दे."

तीन दिवसांत एकोणीस तोंडं झाली. चाचांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. आई खालून म्हणाली, "वर लगीन हाय का काय?" चाची दर तासाला चहा करत होत्या आणि कुरकुरत नव्हत्या. फक्त एकदा स्वयंपाकघरात त्यांनी मला जवळ ओढलं. "हे रात्रंदिवस त्या बॅगेकडे बघतात. मी सांगितलंय, पाहुण्याला विचारायचं नाही. मागून ट्रान्सपोर्टनं येत असेल, म्हणतात. तुला काय वाटतं?" मी चहाचे कप उचलून बाहेर नेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वही घेऊन वर गेले होते. चाचांनी पत्रासाठी पिंटोंचा पत्ता नीट लिहून घ्यायला सांगितलं होतं. या वेळी पत्ता चुकवायचा नव्हता. पिंटोकाकांनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून पुसला आणि बाजूला ठेवला.

"सत्तार, तू विचारत नाहीस."

"काय विचारायचं?"

"तुला माहीत आहे काय."

चाचा हातातल्या सैनिकावर फुंकर घालत राहिले. "तू पाहुणा आहेस. सामान मागून येईल."

"मागून काही येत नाही."

पिंटोकाका टेबलाकडे बघून सांगू लागले. त्यांची बस सीमेच्या अलीकडे बंद पडली. पुढे एक ट्रक मिळाला, पण ट्रकवाला म्हणाला, एका माणसाची एक जागा, खोकं नेलंस तर त्याचीही जागा मोजणार. खोकं होतं म्हणून पिंटोंनी दोन जागा धरल्या. आणि शेवटी एक बाई आली, केरळची, कडेवर एक मूल आणि हाताला सहा-सात वर्षांची मुलगी. बाईला जागा मिळाली. मुलीला नाही.

"मी खोकं खाली ठेवलं," पिंटोकाका म्हणाले. "टाकलं नाही, ठेवलं. दगडाच्या आडोशाला. गाठ सोडली नाही."

"मुलगी पोहोचली?" चाचांनी विचारलं.

"पोहोचली."

"मग बरं केलंस."

पिंटोकाकांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. चाचांनी हातातला सैनिक रांगेत त्याच्या जागेवर ठेवला, सरळ केला. मग म्हणाले, "बावीस जणांना कपडे होते त्यात."

"होते. मला ठाऊक आहे."

"बाकीची उघडी."

"उघडी, रे."

"तिकडे पहाटे फार थंडी पडते," चाचा म्हणाले.

हे वाक्य एरवी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. चाची दारात चहा घेऊन उभ्या होत्या, त्याही हसल्या नाहीत.

"शिवी तरी दे मला," पिंटोकाका म्हणाले. "सात वर्षं घाबरून आहे मी. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं होतं, येऊच नये."

चाचांनी शिवी दिली नाही. ते उठले, गळ्यातली टेप काढली. "उभा राहा."

"कशाला?"

"कॉलर बघ तुझी, विरली आहे. ह्या शर्टात परत जाणार? गाव म्हणेल, सत्तारकडे राहून आला. उभा राहा म्हणतो ना! कॉलेज, लिही."

मी वही उघडली. पिंटोकाका खिडकीपाशी उभे राहिले. चाचा त्यांच्या मागे गेले.

"खांदा सोळा. सतरा होता तुझा." मी लिहिलं. "छाती चौतीस. काय रे हे, जेवतोस की नाही? गळा साडेचौदा. हात पुढे कर."

पिंटोकाकांनी हात पुढे केला. चाचा बाहीचं माप खांद्यापासून मनगटापर्यंत घेत गेले.

"साडेतेवीस."

मी लिहिलं. चाचांनी टेप काढली आणि पुन्हा खांद्याला लावली. त्यांना माप दुसऱ्यांदा घेताना मी दुकानात कधी बघितलं नव्हतं.

"साडेतेवीस," ते म्हणाले, आणि पुन्हा लावली.

पिंटोकाका हात तसाच पुढे धरून उभे होते. मी तिसऱ्यांदाही साडेतेवीस लिहिलं.